सात त्याचा, बारा तिचा

मृगाचा पाऊस जरा नीट लागला की झाडीपट्टीत पऱ्हे टाकायची लगबग सुरू होते आणि पुढे महिनाभरात रोवणीची घाई उडते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली हे चंद्रपूर जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके आणि वैनगंगा ओलांडून गेले की गडचिरोलीतले देसाईगंज, आरमोरी, चामोर्शी, हा सारा धानाचा मुलूख. पुण्या-मुंबईकडे ज्याला भात म्हणतात त्याला इथे धान म्हणतात. खाचराला बांधी म्हणतात आणि लावणीला रोवणी. १९८२ साली एका जिल्ह्याचे दोन झाले, पण पीक आणि बोली यांना ती वाटणी कधी फारशी मानवली नाही.

रोवणीच्या दिवसांत या भागातून एसटीने जाणाऱ्याला खिडकीतून एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. गुडघाभर चिखल, डोक्यावर प्लास्टिकचा कागद किंवा घोंगडीची खोळ, आणि कमरेत वाकून उलट्या पावलांनी सरकत जाणारी बायकांची रांग. चिखलणी पुरुषाची, पूर्वी बैलांनी आणि आता ट्रॅक्टरने. ती एका दिवसात उरकते. रोवणी, निंदण आणि कापणी ही कामे मात्र दिवसचे दिवस चालतात आणि ती बाईची. पुरुष हे काम करीत नाहीत असे नाही, पण रोवणीच्या रांगेत पुरुष दिसला तर लोक दोनदा वळून बघतात.

याच गावात चावडीवर जाऊन ‘शेतकरी कोण’ असे विचारले तर जी नावे सांगितली जातात ती जवळजवळ सगळी पुरुषांची असतात. गावाचे सोडा, सरकारही तेच सांगते. सरकारला शेतकरी ओळखायची एकच खूण ठाऊक आहे आणि ती म्हणजे सातबारा.

सातबारा हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात दोन वेगळे कागद आहेत हे विसरून जातो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा बोजा, हे त्यात असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. कोणत्या हंगामात किती क्षेत्रावर काय पेरले, पाणी कशाचे, पडीक किती, हे त्यात असते. वरचा सात आणि खालचा बारा मिळून एक उतारा. आयुष्याची तीसेक वर्षे हे उतारे चाळण्यात घालवल्यावर माझ्यासारख्या माणसाला त्यात एक संसार दिसू लागतो. वरच्या भागात तो असतो, नावगावासकट. खालच्या भागात ‘धान’ हा जो दोन अक्षरी शब्द लिहिलेला असतो, त्यात ती असते. बिननावाची.

यावर कोणी म्हणेल, नावात काय आहे? घर एक, चूल एक, पैसा एकाच घरात येतो. हा युक्तिवाद मी बँकेच्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी नवरे मंडळींकडून ऐकला आहे, आणि तो सरसकट खोटा आहे असेही म्हणणार नाही. पण नावाला काय काय टांगलेले आहे ते एकदा पाहू.

१९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले, ते सातबाऱ्यावर. २०१९ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान किसान सन्मान निधी आला. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत, जमीनधारक कुटुंबाला. म्हणजे व्यवहारात ज्याच्या नावे जमीन त्याच्या खात्यात. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी सहा हजारांची भर घातली, त्याच खात्यात. हमीभावाने धान विकायचा तर खरेदी केंद्रावर नोंदणी सातबाऱ्याने. हमीभावावर सरकारने हेक्टरी बोनस जाहीर केला, २०२३-२४ च्या हंगामासाठी तो दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी २० हजार होता, तोही नोंदणी झालेल्या नावावर. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, तीही खातेदाराची. एप्रिल २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि तो क्रमांक पुन्हा जमिनीच्या नोंदीलाच जोडलेला. कागद जाऊन संगणक आला, पण संगणकाला विचारले तरी तो नमुना सातच वाचून दाखवतो.

यातला एक तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. धानाच्या बांधीत साप निघणे ही नवलाची गोष्ट नाही. वीज पडून, सर्पदंशाने, विहिरीत पडून शेतकरी गेला तर त्याच्या घरच्यांना दोन लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. कितीतरी वर्षे ती फक्त खातेदारासाठी होती. म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या नवऱ्याला साप चावला तर तो शेतकरी, आणि चिखलात हात घालून रोवणी करणाऱ्या बायकोला चावला तर ती कोणी नाही. २०१९ मध्ये ही चूक थोडी दुरुस्त झाली आणि खातेदाराबरोबर कुटुंबातल्या खातेदार नसलेल्या कोणत्याही एका सदस्याचा समावेश झाला. कोणत्याही एका. सासू आणि सून दोघी त्याच बांधीत रोवणी करत असतील तर काय करायचे, हे कोणी ठरवायचे?

याच्या उलट, जिथे माणूस माणूस म्हणून मोजला जातो तिथे बाई बरोबर सापडते. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्रात मस्टरवर तिचे नाव स्वतंत्रपणे आले आणि मजुरीही पुरुषाइतकीच ठरली. जंगलात तेंदूपत्ता तोडताना वाघाने हल्ला केला तर वनखाते भरपाई देताना मयताचा सातबारा मागत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मजूर म्हणून बाई दिसते, वाघाची शिकार म्हणून दिसते. शेतकरी म्हणून तेवढी दिसत नाही.

आता थोडे बँकेतल्या टेबलाविषयी. पूर्व विदर्भातल्या एका शाखेत मी काही वर्षे शेती कर्जे पाहत होतो. पीककर्जाच्या फायलीत बाईचा अंगठा नसायचा असे नाही. तो असायचा, पण जामीनदाराच्या जागी. कर्ज नवऱ्याच्या नावे, जामीन बायकोची. वसुलीला दोघेही बांधलेले. नवरा गेल्यावर घरी पहिला कागद जो तिच्या नावाने जात असे तो बहुधा बँकेची नोटीस असे. वारसाची नोंद त्यानंतर, सवडीने. एकदा अशीच एक बाई काउंटरवर आली. वय पस्तिशीचे, कपाळ मोकळे, बरोबर एक शाळकरी मुलगा. नोटीस तिने टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारले, “साहेब, फेडाले माहा अंगठा चालते, मंग कर्ज काढाले काहून नाई चालत जी?” मी नियम सांगितला. तिने तो ऐकून घेतला. मग म्हणाली, “नियम बराबर असन जी. मी आपलं विचारलं.”

तिच्या बाबतीत अडचण अशी होती, आणि ती अजूनही शेकडो घरांत तशीच आहे, की जमीन तिच्या नवऱ्याच्या नावे कधी झालीच नव्हती. ती सासऱ्याच्या नावे होती. सासरा जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. तीन भाऊ आपापल्या वाटणीत तोंडी समजुतीने धान पिकवत होते. अशा वेळी विधवेचे नाव लावायचे तर आधी सासऱ्याचे सगळे वारस, म्हणजे दीर, नणंदा, सासू, यांची नोंद हवी, मग मृत नवऱ्याच्या हिश्श्यात तिची आणि मुलांची. फेरफार, नोटीस, हरकत, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. एका दिराने हरकत घेतली की गाडी थांबली. महसूल खात्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. मोहिमेच्या नावातच कबुली आहे की इतकी वर्षे आपण मेलेल्यांच्या नावाने शेती चालवली. चांगले काम आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होणार असेल तर अशा विधवांना.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. खेड्यापाड्यांतून इतक्या बायका एका मैदानावर तोवर कोणी पाहिल्या नव्हत्या. त्यातूनच पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. घरच्या लक्ष्मीचे ऋण फेडायचे म्हणून जमिनीचा तुकडा तिच्या नावे करायचा, आणि गावात शंभर घरांनी असे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त. जोशींच्या अर्थकारणाशी माझे पुष्कळ मतभेद होते, पण शेतमालाच्या भावासाठी रस्त्यावर आलेल्या पुरुषांना ‘तुमच्या घरात कष्टाचा भाव कोण मागणार?’ असा प्रश्न विचारायची हिंमत त्यांनी दाखवली, हे मान्य करावे लागते. १९९२ मध्ये महसूल खात्यानेही परिपत्रक काढून पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली. ते परिपत्रक आजही आहे. अडचण ‘पतीच्या अर्जावरून’ या दोन शब्दांत आहे. मनाच्या मोठेपणावर चालणारी योजना मोठ्या मनाच्या माणसांपुरतीच चालते.

मुलींच्या हक्काचे कायदेही झाले. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले, २००५ मध्ये केंद्राने तेच देशभर केले. पण कायदा एका हाताने देतो आणि हक्कसोडपत्र दुसऱ्या हाताने काढून घेते. बहिणीने हक्क सोडला नाही तर माहेरचा उंबरा तुटेल, ही भीती कोणत्याही कलमापेक्षा जुनी आहे. आणि गडचिरोलीच्या बाबतीत तर एक गोष्ट आपल्या शहरी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही. त्यामुळे १९९४ आणि २००५ या सुधारणांचा जो गाजावाजा झाला, त्यातले काहीही गोंड वा माडिया मुलीच्या वाट्याला आपोआप आले नाही. तिचा हक्क रूढीवर, आणि रूढी काय आहे हे सांगणारे बहुतेक पुरुष. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ बाई म्हणून तिला वगळणे हे समानतेच्या तत्त्वाला सोडून आहे. निकाल मोठा आहे. पण कोर्टापर्यंत जायला वकील लागतो आणि एटापल्लीहून जिल्ह्याच्या न्यायालयापर्यंतचा रस्ता लांबचा आहे.

आणि तरीही, गंमत पाहा, बाईचे नाव जमिनीच्या कागदावर कायद्याने, कोणाच्या मेहेरबानीशिवाय यायला लागले ते याच जंगलातल्या जिल्ह्यांत. २००६ चा वनहक्क कायदा आपल्याकडे आदिवासींचा कायदा म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात एक छोटीशी पोटतरतूद आहे. वनजमिनीचा हक्क मिळालेला माणूस विवाहित असेल तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा. कुटुंबप्रमुख एकटीच असेल तर तिच्या एकटीच्या नावे. नवऱ्याचा अर्ज नको, संमतिपत्र नको, मोठे मन नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेने स्वतः बांबूचे वाहतूक परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली. ते योग्यच होते. पण त्याच कायद्याखाली शेजारपाजारच्या गावांत वैयक्तिक पट्ट्यांवर बायकांची नावे चढत होती, दुसऱ्या ओळीत का होईना, त्याची बातमी कोणी केली नाही. ग्रामसभेच्या हजेरीत एक-तृतीयांश स्त्रिया असल्याच पाहिजेत, वनहक्क समितीतही तितक्याच, असे नियमांनी सांगितले. मोहफूल वेचणारी, चारोळी-डिंक गोळा करणारी बाई निदान कागदावर तरी त्या जंगलाची मालकीण झाली.

यात सारे आलबेल आहे असे नाही. चंद्रपूर भागात पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारी पण आदिवासी नसलेली कुटुंबे आहेत. त्यांना पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या बाईच्या जन्माचा दाखला नाही तिने सासरच्या तीन पिढ्यांचा दाखला कुठून आणावा? शिवाय हा पट्टा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आणि आमच्या धंद्यातले एक अलिखित सूत्र असे की जे गहाण पडत नाही त्याच्याकडे अधिकारी जमीन म्हणून पाहत नाही. जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तारण लागत नसेल तर पट्टाधारक बाईला कर्ज द्यायला हरकत काय, हे शाखेत जाऊन विचारायला हवे. जरा मोठ्या आवाजात.

दरम्यान सरकारने बाईसाठी दुसराच दरवाजा उघडला. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला पंधराशे रुपये. मी त्या पंधराशेंची टिंगल करणाऱ्यांतला नाही. स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या अंगठ्याने निघणारा पैसा काय असतो हे बँकेत बसलेल्या माणसाला सांगायला नको. पण या योजनेच्या नियमांत एक वजाबाकी आहे. जी बाई खातेदार असल्यामुळे केंद्र आणि राज्य मिळून वर्षाला बारा हजार शेतकरी निधी घेते, म्हणजे महिन्याला हजार, तिला बहीण म्हणून उरलेले पाचशेच मिळतात. हिशेब खात्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण शेतकरी म्हणून जे मिळते ते तिच्या धंद्याचे आणि बहीण म्हणून जे मिळते ते ओवाळणीचे. ओवाळणीतून धंद्याचे पैसे कापून घेणारा भाऊ मी तरी पाहिला नव्हता.

मुळात सरकारला शेतकरी शब्दाची व्याख्या बदलायला कोणी सांगितले नव्हते असे नाही. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या कामानंतर २००७ मध्ये केंद्राचे शेतकरी धोरण आले. त्यात जमीन असो वा नसो, कसणारा, बटाईने करणारा, मजूर, सारेच शेतकरी या शब्दात घेतले होते. पुढे राज्यसभेत असताना स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले. गावपातळीवरच बाईला ‘ही शेतकरी आहे’ असे प्रमाणपत्र द्यावे, आणि त्या प्रमाणपत्रावर तिला कर्ज, बियाणे, विमा मिळावा, अशी साधी कल्पना होती. त्यांची मुदत संपली आणि २०१३ मध्ये विधेयकही संपले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. आपल्याकडे ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी तीन शेतीत आहेत आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत शेतजमिनीच्या वहिवाटदारांत स्त्रिया जेमतेम चौदा टक्के होत्या. वर्ष साजरे करायला हे दोन आकडे पुरेसे आहेत.

नुसते नाव लावून भागत नाही, हे मला मान्य आहे. बायकोच्या नावाचा उपयोग मी दुसऱ्या कारणांसाठीही भरपूर पाहिला आहे. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी मिळाली, त्याहून मोठ्याला नाही. त्यानंतर आपली जमीन वेळीच बायकोमुलांत वाटली असती तर बरे झाले असते, असे म्हणत बँकेत आलेले शहाणे मला आठवतात. अनुदानाचा पंप, ट्रॅक्टरची सवलत, महिलांसाठी राखीव कोटा, अशा वेळी घरातल्या लक्ष्मीची आठवण लगेच होते. सही तिची, चावी त्याची. पण असे होते म्हणून नाव नकोच, हे तर्कशास्त्र मला कळत नाही. चावी मागायची झाली तर आधी कागदावर तिचे नाव हवे.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. जंगलातल्या पट्ट्याला जो नियम २००६ मध्ये लागला तो साध्या सातबाऱ्याला का लागू नये? जिथे नवा फेरफार होतो, वारसाचा असो, वाटणीचा वा खरेदीचा, तिथे विवाहिताच्या नावाबरोबर जोडीदाराचे नाव आपोआप यावे. जमीन एक गुंठाही कमी होत नाही, वाटणीही होत नाही. आणि जी बाई दुसऱ्याची जमीन ठेक्याने घेऊन धान लावते, तिला ग्रामसभेचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे. ठेका कागदावर आला की कुळाचा हक्क लागेल, या धास्तीने जमीनमालक लिहून देत नाहीत, हे उघड गुपित आहे. त्याची शिक्षा कसणारीने का भोगायची?

हे होईल तेव्हा होवो. डिसेंबर-जानेवारीत या दोन जिल्ह्यांतल्या आधारभूत खरेदी केंद्रांसमोर पोत्यांच्या थप्प्या लागतात. गडचिरोलीत बहुतेक ठिकाणी खरेदी आदिवासी विकास महामंडळाची, इतरत्र मार्केटिंग फेडरेशनची. बारदाना संपलेला असतो, काटा एकच असतो आणि नंबर यायला वेळ लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. पण ज्या घरात सातबाऱ्यावर अजून मेलेल्या सासऱ्याचेच नाव आहे, त्या घरच्या बाईची नोंदणीच होत नाही. तिचा धान गावातल्या व्यापाऱ्याकडे जातो, तो देईल त्या भावाने, कारण तो सातबारा मागत नाही. हेक्टरी बोनस जाहीर झाला की तोही नोंदणी झालेल्यांच्याच खात्यांत पडतो.